खेडगाव काढा, वणी घाला

समजा, दिंडोरी तालुक्यात द्राक्षांसाठी पाच ठिकाणी प्रीकूलिंगची सोय करायची आहे. घड तोडल्यापासून थंड खोलीत जाईपर्यंत जेवढा वेळ जातो, तेवढा देठ सुकतो. म्हणून पॅकहाऊस कुठे, हा बागाईतदाराला भावाइतकाच जवळचा प्रश्न. गावं दीडशे धरली, तर त्यांतली पाच निवडायचे प्रकार होतात 59 कोटी 16 लाख. पाचाऐवजी दहा म्हणा, आकडा एकावर पंधरा शून्यांच्या पुढे जातो.

या प्रश्नाचा मूळ पुरुष सतराव्या शतकातला फर्मा. तीन बिंदूंपासूनच्या अंतरांची बेरीज सर्वांत कमी होईल असा चौथा बिंदू शोधा, असं कोडं त्याने घातलं आणि इटलीच्या टॉरिचेल्लीने ते सोडवलं. पुढे 1909 मध्ये जर्मनीत आल्फ्रेड वेबरने (समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरचा धाकटा भाऊ) बिंदूंच्या जागी कच्चा माल आणि बाजारपेठ ठेवली आणि मधोमध कारखाना. तीनपेक्षा जास्त ठिकाणांसाठी उत्तराकडे टप्प्याटप्प्याने सरकत जाण्याची रीत 1937 मध्ये एंड्रे वाइसफेल्ड या हंगेरियन तरुणाने दिली. लेख फ्रेंचमध्ये, छापला जपानच्या नियतकालिकात! कोण वाचणार? पुढे तो अमेरिकेत अँड्र्यू वाझोनी या नावाने वावरला आणि त्याची रीत इतरांनी नव्याने शोधून काढली.

पण ही सगळी गणितं सरळ रेषेतल्या अंतराची. दिंडोरीत सरळ रेषा कोणाच्या कामाची? करंजवण, वाघाड, पालखेड अशी धरणं मधे पसरलेली, रस्ता वळसा घालूनच जाणार. 1964 मध्ये हकिमी यांनी दाखवलं, की रस्त्यांच्या जाळ्यात एकूण अंतर कमीत कमी करायचं असेल तर गावं आणि फाटे एवढेच तपासले तरी पुरे. मधल्या रानात याहून चांगली जागा मिळायची नाही. अमर्याद जागांचा प्रश्न मोजता येण्याजोग्या ठिकाणांवर आला. तरी ते 59 कोटी उरलेच.

त्यावरची तोड आदल्याच वर्षी छापून आली होती. अमेरिकेतल्या कुएन आणि हॅम्बर्गर यांनी गोदामांच्या जागा ठरवायला एक हिउरिस्टिक, म्हणजे ठोकताळ्यांनी चालणारा, कार्यक्रम मांडला: ज्या गोदामाने सर्वांत जास्त पैसा वाचतो ते आधी घ्या, मग त्यानंतरचं, शेवटी जे परवडेनासं झालं असेल ते काढा, उरलेली इकडेतिकडे हलवून बघा. हेच उत्तर सर्वोत्तम, असा त्यांचा दावा नव्हता, आणि मला हाच त्यांचा मोठेपणा वाटतो. 1968 मध्ये टाइट्झ आणि बार्ट यांनी नुसती अदलाबदल उचलली. कुठलीही पाच गावं घ्या. खेडगाव काढून वणी घाला. एकूण अंतर घटलं तर वणी ठेवा, नाहीतर पुढचं गाव. एका फेरीत 5 गुणिले 145, म्हणजे 725 अदलाबदली. कुठल्याच अदलाबदलीने फायदा होईना की थांबा. कधी ही रीत मधल्याच एका उत्तरावर अडकते. मग वेगळ्या पाच गावांपासून पुन्हा सुरुवात करायची. आज दीडशे गावांचं नेमकं उत्तर काढणारी आज्ञावलीही मिळते, पण हजारो ठिकाणं असली की अजूनही अदलाबदलीच्याच वारसदार पद्धती कामाला येतात.

मात्र बेरीज कशाची करायची, हे रीत सांगत नाही. टनांनी गुणलेलं अंतर घेतलं, तर पाचही केंद्रं मोहाडी, जानोरी, खेडगाव अशा द्राक्षपट्ट्यात ओढली जाणार. मोहाडीला सह्याद्री फार्म्स या शेतकरी कंपनीचा पसारा आहे, त्याचं नवल नाही. पण हेच गणित आरोग्यकेंद्राला लावलं, तर ननाशीकडच्या डोंगरातला आदिवासी पाडा हिशेबात जवळपास दिसतच नाही. तिथे माणसं थोडी, वाट लांब. 1971 मध्ये तोरेगास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तातडीच्या सेवांसाठी बेरीजच सोडली. अट घातली: प्रत्येक वस्तीला ठरावीक वेळेच्या आत पोहोचणारं एक तरी केंद्र हवं, आणि अशी केंद्रं कमीत कमी किती लागतील ते काढा. ही अट घातली, की ननाशीकडे एक केंद्र द्यावंच लागतं.