फाशीचे कारण कोणी द्यायचे?

१८९८ सालच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ३६७, पोटकलम ५ आज फारसे कोणी वाचत नाही. वाचले, तर अंगावर काटा येतो. फाशी होऊ शकेल अशा गुन्ह्यात आरोपी दोषी ठरला आणि न्यायाधीशाने त्याला दुसरी शिक्षा दिली, तर फाशी का दिली नाही याचे कारण निकालपत्रात लिहावे, असा तो दंडक होता. म्हणजे जीव घेण्यासाठी स्पष्टीकरण नको. जीव राखण्यासाठी मात्र हवे.

स्वतंत्र भारताच्या संसदेने १९५५ च्या दुरुस्तीने हे पोटकलम काढून टाकले. पुढे १९७३ ची नवी संहिता आली आणि पारडे पूर्ण फिरले. कलम ३५४(३) नुसार आता फाशी द्यायची असेल, तर ‘विशेष कारणे’ नोंदवणे बंधनकारक झाले. शिवाय कलम २३५(२) ने दोषसिद्धीनंतर शिक्षेपुरती स्वतंत्र सुनावणी आणली. एका वाक्याच्या या उलथापालथीला पाऊण शतक लागले.

‘विशेष कारणे’ म्हणजे काय, याचे उत्तर ९ मे १९८० रोजी बच्चनसिंग खटल्यात मिळाले. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने फाशी घटनात्मक ठरवली. पण ती ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणातच द्यावी आणि गुन्ह्याइतकाच गुन्हेगारही पाहावा, असे बजावले. त्याचे वय, परिस्थिती, सुधारण्याची शक्यता हे सारे तोलायचे. भिन्नमत नोंदवणारे न्यायमूर्ती पी. एन. भगवती म्हणत होते की, ही शिक्षा लहरीप्रमाणे पडते आणि बहुतांशी गरिबांवरच पडते. त्यांचे म्हणणे त्या वेळी अल्पमतात राहिले.

इथे आपली गोष्ट सरळ चालत नाही. डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींच्या पीठाने, राजस्थानातील रावजी खटल्यात, शिक्षा ठरवताना गुन्हा पाहावा, गुन्हेगार नव्हे, अशी भूमिका घेतली. घटनापीठाचे मत लहान पीठाने ओलांडले. रावजीला मे १९९६ मध्ये फाशी झाली. पुढे अनेक निकाल त्याच पायवाटेने गेले. १३ मे २००९ रोजी, महाराष्ट्रातून गेलेल्या बरियार खटल्यात, न्यायालयाने मान्य केले की रावजीचा निर्णय बच्चनसिंगच्या बंधनकारक निकालाकडे दुर्लक्ष करून दिलेला होता. चूक कबूल झाली. रावजीच्या दृष्टीने तेरा वर्षे उशिरा.

आणि या कबुलीच्या अवघ्या तेरा दिवस आधी, ३० एप्रिल २००९ रोजी, त्याच चुकीच्या आधाराने आणखी एक निकाल लागला होता. २००३ साली एका कुटुंबावर दरोडा, बलात्कार व हत्याकांडाचा भीषण प्रसंग ओढवला होता. भटक्या समाजातील सहा जण पकडले गेले. उच्च न्यायालयाने त्यांपैकी तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली होती. सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. त्यांतला एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर सिद्ध झाले. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून अशा चुकीच्या आधारावर फाशी झालेल्या कैद्यांचे प्राण वाचवण्याची विनंती केली. अखेर ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेऊन पुन्हा ऐकलेल्या अपिलांत सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तोवर जवळपास सोळा वर्षे गजाआड सरली होती. शिक्षेचा प्रश्न बाजूलाच राहिला. गुन्हाच सिद्ध झालेला नव्हता.

१ जुलै २०२४ पासून १९७३ च्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. ‘विशेष कारणां’चे वाक्य तिच्यातही टिकले आहे. पण कारणे लिहायची तर माहिती हवी आणि ती गोळा करायला वेळ हवा. कित्येक सत्र न्यायालयांत सकाळी दोषी ठरवून त्याच दिवशी फाशी सुनावली गेली आहे. कुणाचे बालपण, आजार, तुरुंगातील वर्तन त्या काही तासांत कोण शोधणार? मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी माहिती सत्र न्यायालयातच मागवण्याचे निर्देश दिले. सप्टेंबरमध्ये, शिक्षेच्या सुनावणीसाठी खरीखुरी संधी म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्याने पाच न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला.