दक्षिणा, बक्षीस आणि एक नापसंत नाटक

मराठी पुस्तकांना बक्षिसं कधीपासून मिळू लागली, असं विचारलं तर बहुतेक जण राज्य पुरस्कारांचं किंवा साहित्य अकादमीचं नाव घेतात. पण ही हकिगत त्याहून शंभर वर्षं जुनी आहे आणि ती पुण्यातच घडली. तिचा उगम आहे पेशव्यांच्या दक्षिणेत.

पेशवाईत श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. पर्वतीच्या पायथ्याचा रमणा त्यासाठीच होता. १८१८ साली राज्य गेलं, तरी इंग्रजांनी दक्षिणा एकदम बंद केली नाही. रक्कम आटवली आणि १८२१ मध्ये त्यातूनच विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. १८४९ मध्ये पुण्यातल्या काही सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला, की या पैशातला काही भाग चांगली मराठी पुस्तकं लिहिणाऱ्यांना द्यावा. सनातनी मंडळी खवळली. अर्जदारांना मारहाण होते की काय, अशी वेळ आली, तेव्हा त्यांच्या संरक्षणाला जोतीराव फुले आपले साथीदार घेऊन उभे राहिले, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. अखेर १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली.

चारच वर्षांनी, १८५५ मध्ये, याच जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून त्या कमिटीकडे पाठवलं. एका गरीब कुणब्याच्या गर्भार बायकोला जोशी ग्रहांची भीती घालतो आणि त्या जोडप्याला कर्जात लोटतो. शेवटी नवरा-बायको दोघंही फुले पतिपत्नींच्या रात्रीच्या शाळेत शिकायला निघतात. कमिटीनं हे नाटक नापसंत केलं. ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, अशी तक्रार जोतीरावांनी पुढे ‘गुलामगिरी’त, १८७३ मध्ये, नोंदवून ठेवली आहे.

त्या काळी मराठी पुस्तकाचं गिऱ्हाईक फार थोडं. बक्षिसाचा किंवा सरकारी खरेदीचा आधार नसेल, तर छपाईचा खर्च लेखकाच्याच अंगावर पडे. जोतीरावांनी नाटक बाजूला ठेवलं. ‘ब्राह्मणांचे कसब’ हे पुस्तक त्यांनी १८६९ मध्ये स्वतःच्या पैशांनी छापलं. ‘तृतीय रत्न’ छापून वाचकांसमोर आलं ते मात्र १९७९ मध्ये, म्हणजे तब्बल १२४ वर्षांनी.

मी खराडीत राहतो. आज इथे संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत. तेव्हा हे मुळा-मुठेच्या काठचं, शेतीवर जगणारं गाव होतं. नाटकातलं कुणबी जोडपं अशाच गावांतलं. ज्यांच्यासाठी हे नाटक लिहिलं, त्यांच्या चार पिढ्या ते न वाचताच गेल्या. कमिटीच्या एका नकाराची ही खरी किंमत.

पुढे न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी ११ मे १८७८ रोजी हिराबागेत मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरवली. १८८५ मधल्या दुसऱ्या सभेचं निमंत्रण जोतीरावांनाही गेलं. जे शूद्रादिकांना माणूस म्हणून हक्क द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभांचं आणि पुस्तकांचं आमच्याशी जमायचं नाही, अशा आशयाचं उत्तर त्यांनी पाठवलं. हे पत्र पुष्कळदा उद्धृत होतं. पण तीस वर्षांपूर्वीचं नापसंत नाटक आठवलं, म्हणजे ते नुसतं रागाचं पत्र राहत नाही. पुस्तक कसं अडतं, हे त्यांनी स्वतः अनुभवलं होतं.

निवड करणारे कोण, हा वाद आजही मिटलेला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये कोबाड गांधी यांच्या आठवणींच्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला राज्य पुरस्कार जाहीर झाला आणि आठवड्याभरातच सरकारनं तो रद्द केला. निषेध म्हणून काहींनी राजीनामे दिले. फरक एवढाच, की हे पुस्तक आधीच दुकानात आलेलं होतं. पुरस्कार गेला, पण ज्यांना वाचायचं होतं, त्यांना ते अप्पा बळवंत चौकात जाऊन विकत घेता येत होतं आणि बरं-वाईट स्वतः ठरवता येत होतं. १८५५ मध्ये खराडीच्या कुणब्याला ती सोय नव्हती.

पुरस्कारांच्या याद्या आपण आवडीनं वाचतो, वाचाव्यातही. पण दक्षिणा कमिटीनं ज्यांना बक्षिसं दिली, त्यांतली किती पुस्तकं आज आपल्याला नावानं आठवतात? नापसंत ठरलेलं एक मात्र अजून वाचलं जातं.