आबे फारियाचा वर्ग

जोयडे तालुक्याची सीमा ओलांडली की गोवा लागतो. गणेशगुडीहून पणजीस गेलेल्या प्रवाशाला मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या कडेला, एक विलक्षण पुतळा दिसतो. पायघोळ झग्यातील एक धर्मगुरू दोन्ही हात पसरून उभा आहे आणि त्याच्यापुढे एक स्त्री निश्चेष्ट होऊन कोसळत आहे. १९४५ साली उभारलेला हा पुतळा शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविला. पाहणारास वाटते, त्या हातांतून काही अद्भुत शक्ती बाहेर पडत असावी. नवल असे, की अशी शक्ती मुळात नाहीच, हे शिकविण्यात या पुरुषाने आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे वेचली.

जुझे कुस्तोदियो द फारिया यांचा जन्म १७५६ साली बार्देशातील कांदोळी येथे झाला. १७७१ मध्ये वडिलांबरोबर ते लिस्बनला गेले, पुढे रोमला शिकून धर्मगुरू झाले आणि १७८८ मध्ये पॅरिसला पोहोचले. त्या शहरात मेस्मर नावाच्या वैद्याने मोठी खळबळ उडविली होती. आपल्या देहातील एक अदृश्य चुंबकीय द्रव रोग्याच्या देहात शिरतो व त्याला बरे करतो, असे मेस्मर सांगे. फ्रान्सच्या राजाने १७८४ साली नेमलेल्या चौकशी मंडळात फ्रँकलिन व लाव्हाझिए यांच्यासारखे शास्त्रज्ञ होते. त्यांना तो द्रव कोठेच आढळला नाही. याखेरीज एक गुप्त अहवालही राजाकडे गेला. उपचार करणारा पुरुष आणि त्याच्या कह्यात गेलेली स्त्री रुग्ण यांच्या संबंधात नीतिदृष्ट्या धोका आहे, असा इशारा त्यात होता. म्हणजे या विद्येच्या बाल्यावस्थेतच व्यवसायनीतीचा प्रश्न तिच्या दाराशी येऊन उभा राहिला.

फारिया आरंभापासूनच निर्मोही होते असे मात्र नाही. आपल्या शक्तीने कॅनरी पक्षी मारून दाखवितो, अशी बढाई त्यांनी एकदा मारली, पण पक्षी काही मेला नाही, अशी मिस्किल आठवण फ्रेंच लेखक शातोब्रियां यांनी लिहून ठेवली आहे!

पुढे मार्सेय व नीम येथे त्यांनी अध्यापन केले. ११ ऑगस्ट १८१३ रोजी पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावर त्यांचा व्याख्यानवर्ग सुरू झाला. प्रवेशाचे शुल्क पाच फ्रँक होते. समोरच्या व्यक्तीला डोळे मिटून स्वस्थ बसावयास सांगून ते एकदम आज्ञा करीत, ‘झोपा!’ कित्येकांना झोप लागे. मग ते सांगत, की ही निद्रा निद्रिस्ताच्याच मनातून आली आहे, निजविणाऱ्याच्या हातून नव्हे. निजविणारा केवळ एकाग्रतेला साहाय्य करतो. गूढ सामर्थ्य मिळविण्याच्या आशेने आलेल्या शिष्याला असे सांगणे म्हणजे स्वतःच्याच गादीखालचा पाट काढून घेणे होय. सर्वच बाबतींत ते बरोबर नव्हते. रक्ताच्या पातळपणामुळे ही निद्रा लवकर लागते, हे त्यांचे मत पुढे टिकले नाही. आणि जिवंत माणसाला पैसे भरून आलेल्या गर्दीपुढे निजविणे हे आजच्या दृष्टीने दोषास्पदच म्हटले पाहिजे. त्या निद्रिस्ताच्या मनाची लाज कोणी राखावयाची?

एका नटाने झोपेचे सोंग घेऊन भर सभेत त्यांची फजिती केली, असे सांगतात. १८१६ साली तर त्यांची टर उडविणारे प्रहसनच रंगभूमीवर आले. वर्ग मोडला. १८१९ साली त्यांचा ग्रंथ छापला गेला आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला त्यांना मृत्यू आला. त्यांच्या सिद्धांताचे श्रेय त्यांना मिळाले ते पुष्कळ वर्षांनी. नान्सीचे डॉक्टर बेर्नहाइम यांनी ते मोकळ्या मनाने दिले.

आपल्या देशात १९५४ साली बंगळूरला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी रुग्णोपचारासाठी मानसशास्त्रज्ञ तयार करण्याचा अभ्यासक्रम तेथे सुरू झाला. १९७४ मध्ये तिचे रूपांतर निम्हान्समध्ये झाले. १९९२ च्या पुनर्वास परिषद कायद्याने अशा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी आवश्यक ठरली, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची गोष्ट गुप्त राखणे हा त्याचा हक्क मानला. शिकाऊ उमेदवार आज रुग्णापुढे बसतो तो अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली. आपण काय बोललो, कोठे चुकलो, रुग्णावर अधिकार गाजविण्याचा मोह कोणत्या क्षणी झाला, हे त्याला मार्गदर्शकापुढे उघड करावे लागते. क्लिशी रस्त्यावरच्या त्या गोमंतकीय गुरूला असे विचारणारे, सावरणारे कोणीच नव्हते.