शिंदे घाट ते बाबतपूर

काशीच्या शिंदे घाटावर गेलो की पाण्यात कललेले रत्नेश्वर महादेवाचे मंदिर मी प्रथम पाहतो. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास हा घाट बांधविला. परंतु दगडी बांधकामाचा भार काठच्या जमिनीला पेलला नाही आणि घाट खचला. १९३७ मध्ये त्याची पुनर्बांधणी झाली. प्रशासनात काम केलेल्या माझ्यासारख्यास हा धडाच वाटतो.

पूर्वी अनेक यात्रेकरू नावेने घाटांवर उतरत. आज परदेशस्थ मराठी माणूस सुमारे २५ किलोमीटरवरील बाबतपूर विमानतळावर उतरतो. या विमानतळास २००५ मध्ये लालबहादूर शास्त्रींचे नाव देण्यात आले. २०१० मध्ये नवी टर्मिनल इमारत झाली व २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,८७० कोटी रुपयांच्या विस्तारास मंजुरी दिली. वर्षाला ६० लाख प्रवाशांसाठी ७५,००० चौरस मीटरची आणखी एक इमारत व ४,०७५ मीटर लांबीची धावपट्टी त्यात आहे. सौरऊर्जा, नैसर्गिक प्रकाश, कचऱ्याचा पुनर्वापर आणि कार्बन उत्सर्जनात घट ही ‘हरित विमानतळा’ची उद्दिष्टेही मंजुरीतच नमूद आहेत.

ती स्वागतार्हच आहेत. मात्र आपल्याकडे बांधकामास निधी सहज मिळतो, देखभालीस उरेल तेवढा. वीज किती वाचली, कचरा किती पुन्हा वापरात आला, याचा हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा. शिंदे घाटाच्या उभारणीपासून पुनर्बांधणीपर्यंत शंभराहून अधिक वर्षे गेली. बाबतपूरची चूक, झालीच तर, वर्षभरात कळावी, एवढीच अपेक्षा.