मोबाइलवर ‘अभिप्राय द्या’ आलं तर आधी बघा, नंबर मिळतो का?

तिकीट काढा, गॅस सिलिंडर बुक करा, नाहीतर एखादं ॲप उघडा. काम संपलं की स्क्रीनवर पाच चांदण्या येतात. ‘आमची सेवा कशी वाटली?’ आपण कुठंतरी बोट लावतो आणि मोकळे होतो. पण ही चौकट कशी मांडली आहे, यावरच आपलं म्हणणं कुणापर्यंत पोचणार हे ठरतं.

चांदण्या देणं सोपं असतं, म्हणून लोक त्या देतात. मात्र कारण त्यातून कळत नाही. यूट्यूबवर आधी चांदण्याच होत्या. बहुतेक लोक थेट पाचच द्यायचे, मधल्या आकड्यांना कुणी हात लावत नव्हतं. म्हणून २०१० मध्ये अंगठा वर आणि अंगठा खाली ही सोय आली. नोव्हेंबर २०२१ पासून तर ‘नावडलं’ म्हणणाऱ्यांचा आकडा बघणाऱ्यांना दिसतच नाही. बटण आहे, आकडा झाकलेला.

काही ॲपवाले आणखी हुशारी करतात. आधी विचारतात, ‘ॲप आवडलं का?’ ‘हो’ म्हटलं की प्ले स्टोअरवर चांदण्या द्यायला पाठवतात. ‘नाही’ म्हटलं की त्यांच्याच फॉर्मवर नेतात, म्हणजे नाराजी घरातल्या घरात राहते. म्हणून झटपट कर्ज देणारं ॲप नुसत्या चांदण्या बघून घेऊ नका. एक चांदणी देणाऱ्यांनी काय लिहिलंय ते आधी वाचा.

‘आत्ता नको’ हे बटण फिकट आणि बारीक, ‘हो’ मात्र ठळक हिरवं, हेही मुद्दामच केलेलं असतं. ग्राहकाला फसवणाऱ्या अशा मांडणीच्या १३ प्रकारांवर केंद्राने ३० नोव्हेंबर २०२३ ला बंदीचे नियम काढले. पुन्हा पुन्हा तीच चौकट समोर आणून पिच्छा पुरवणं, ‘नाही’ म्हणणाऱ्याला लाजवणं हे दोन्ही त्यात आहे. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आता सरकारी पोर्टलचं. इथं गल्लत झाली तर महिने वाया जातात. ‘अभिप्राय’ आणि ‘तक्रार’ ही दोन वेगळी दारं आहेत. डीपी जळाली, पाणी येत नाही, अनुदान अडकलं, असलं काही अभिप्रायाच्या चौकटीत लिहिलं तर बऱ्याचदा नुसतं ‘धन्यवाद’ येतं. पुढं विचारायला हातात काही उरत नाही. राज्याच्या ‘आपले सरकार’ तक्रार निवारण पोर्टलवर मोबाइल नंबरची खात्री ओटीपीने होते, खातं निवडावं लागतं आणि तक्रार गेली की टोकन नंबर मिळतो. केंद्राच्या ‘सीपीग्राम्स’वर नोंदणी क्रमांक मिळतो. तिथं ऑगस्ट २०२४ पासून निपटाऱ्याची मुदत २१ दिवसांची आहे.

सीपीग्राम्सवर तक्रार बंद झाली की पुन्हा अभिप्राय विचारतात. ही चौकट घाईत भरू नका. काम झालं नसेल तर ‘पुअर’ (खराब) असाच शेरा द्या, कारण त्यानंतरच अपील करता येतं, तेही ३० दिवसांत. साहेबांना वाईट वाटेल म्हणून चांगला शेरा दिलात तर अपिलाची वाट तुम्हीच बंद केली असं समजा.

लिहिताना लाल फुली असलेले रकाने भरावेच लागतात. मोठ्या चौकटीत गाव, गट नंबर, कधीपासून अडलंय आणि नेमकं काय हवंय एवढं पुरे. दोन पानी कहाणी कुणी वाचत नाही. कागदाचा फोटो जोडायची सोय असेल तर जोडा. अभिप्रायाच्या नावाखाली यूपीआय पिन किंवा बँकेचा ओटीपी मागितला तर तो फॉर्म खोटा, तिथंच बंद करा. आणि नंबर आला की लगेच स्क्रीनशॉट काढा. मेसेज पुसला जातो, स्क्रीनशॉट राहतो.