खांदेरीची सकवारबाई

समुद्राकाठच्या गावाला जावयाचे तर गाडीच्या वेळापत्रकाआधी पंचांग उघडावे लागते, ही गोष्ट आम्हां मलकापूरच्या बायकांना अलिबागच्या सहलीने शिकविली. आमची नळगंगा पावसाळ्यात भरते आणि उन्हाळ्यात वाळू दाखविते. दिवसातून दोनदा चढणारे व दोनदा ओसरणारे पाणी आमच्या हिशेबात कधी नव्हतेच. कोकणातल्या दर्यावर्दी लोकांचा यासाठी एक सोपा आडाखा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या सुमारास भरती पुरी होते. अष्टमीस सहाला, द्वादशीस नऊला. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. बेटाला होडी लावावयाची तर भरती बरी, आणि कुलाबा किल्ल्यात पायी जावयाचे तर ओहोटीच हवी. सकाळी एक व दुपारी दुसरी साधेल अशी तिथी म्हणजे द्वादशी. तेव्हा एकादशी मुंबईस आप्तांकडे काढली, आणि पारणे समुद्रावर केले. उपासतापासांपायी तोंडपाठ झालेल्या तिथी अशा कामी येतील असे कोणास वाटले होते!

गेटवेहून भल्या पहाटे मांडव्याची लाँच व तेथून पुढे थळ, हा प्रवास सुखाचा झाला. त्यात सांगण्याजोगे एवढेच, की खारा वारा लागताच आमच्यातल्या निम्म्या जणी गप्प झाल्या आणि उरलेल्या निम्म्यांनी दशम्या-ठेच्याचे डबे उघडले.

थळच्या किनाऱ्यावरून दोन बेटे दिसतात. अलीकडचे लहान व सपाट, ते उंदेरी. पलीकडचे मोठे, दोन टेकड्यांचे, ते खांदेरी. साहेबलोक त्यांना हेनरी व केनरी म्हणत, जणू काही ते त्यांचेच दोन चुलतभाऊ होते. मुंबई बंदराच्या तोंडाशी, दक्षिणेच्या वाटेवर ही बेटे बसलेली आहेत. येथे ज्याची तोफ, त्याच्या नजरेखालून मुंबईत शिरणारे प्रत्येक गलबत जाणार. शिवाजी महाराजांनी हे ओळखले होते. १६७२ मध्येच त्यांनी येथे किल्ला बांधण्याचा प्रयत्न केला, पण मुंबईकर इंग्रज व जंजिऱ्याचा सिद्दी यांच्या विरोधामुळे तो तेव्हा राहिला. मग १६७९ च्या पावसाळ्यातच, समुद्र खवळलेला असताना, मायनाक भंडारी माणसे घेऊन बेटावर उतरला व कामास लागला.

पुढचे चार-पाच महिने या ओसाड खडकावर जे घडले, ते मला कोणत्याही मोठ्या लढाईहून अधिक मोलाचे वाटते. इंग्रजांनी जहाजे पाठवून बेटाला वेढा घातला. सप्टेंबरात त्यांची एक तुकडी बेटावर उतरू पाहत असताना तिचा अधिकारी थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबर रोजी दौलतखानाचे आरमार चालून आले; त्या दिवशी इंग्रजांचा ‘डव्ह’ नावाचा गुराब मराठ्यांनी धरला, तर ‘रिव्हेंज’ या त्यांच्या मोठ्या जहाजाने झुंज देऊन मराठी गलबते परत लोटली. आपण जिंकलो, असे इंग्रजांनी मानले. परंतु जिंकून उपयोग काय? मोठे जहाज वाऱ्यावर चालते, आणि त्याला खोल पाणी लागते. आमच्या लहान होड्या वल्ह्यांनी चालत, उथळ पाण्यातून, खडकांमधून वाट काढीत. रात्री वारा पडला की साहेबांची जहाजे जागच्या जागी डोलत राहत आणि होड्या धान्य, दारूगोळा व माणसे घेऊन बेटावर जाऊन पहाटेपूर्वी परत येत. इकडे भिंत हातभर, दोन हात अशी चढतच होती. वेढ्याचा खर्च मुंबईच्या वखारीला सोसेना. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी महाराजांशी तह केला आणि जहाजे काढून घेतली. खांदेरी मराठ्यांकडे राहिली. संसार करणाऱ्या बाईला हे समजावून सांगावे लागत नाही. भांडणात वरचढ कोण झाले ते राहू द्या. सायंकाळी चूल कोणाची पेटली ते पाहावे.

मात्र त्याच जानेवारीत सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावून तेथे आपला किल्ला उठविला. तेव्हापासून १७५९ मध्ये ती पेशव्यांच्या हाती येईपर्यंत, जवळजवळ ऐंशी वर्षे, ही दोन बेटे सख्ख्या सवतींसारखी एकमेकींकडे डोळे वटारून बसली होती. होडीतून दोहोंच्या मधून जाताना हे फार चांगले कळते. ‘काकू, आज पाणी शांत आहे, एरवी इथं होडी नाचते,’ असे आमच्या तांडेलाने सांगितले, तेव्हा आम्ही सर्व जणींनी फळी घट्ट धरली.

खांदेरीवर आज तट आहेत, बुरूज आहेत, चाकांवर बसविलेल्या जुन्या तोफा आहेत. १८६७ सालचे दीपगृह आहे. वेताळाचे देऊळ आहे, त्याला थळचे कोळी बांधव फार मानतात. भांड्यासारखा खणखणणारा एक खडक आहे. तो प्रत्येकीने दगडाने वाजवून पाहिला. १९९८ मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव दिले गेले. आपल्या नौदलाच्या एका पाणबुडीचे नाव ‘खांदेरी’ आहे. आणि ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यांत रायगड-राजगडाच्या बरोबरीने खांदेरीही आहे. या सर्व गोष्टी आम्हांला मोठ्या उत्साहाने सांगण्यात आल्या. जी सांगण्यात आली नाही, ती मी येथे लिहिते. कारण ती एका बाईची आहे.

१७९३ मध्ये कुलाब्याचे रघुजी आंग्रे वारले. गादीवर बसलेला मानाजी अल्पवयी होता. कारभार पाहणारा जयसिंग आंग्रे व रघुजीची विधवा आनंदीबाई यांच्यात वितुष्ट आले आणि कान्होजींनी ज्यावर राज्य उभारले तो मुलूख घरच्याच भांडणाने काही वर्षे होरपळला. त्यात ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या नात्यातला बाबूराव आंग्रे उतरला. त्याने कुलाबा बळकावला आणि जयसिंगास कैद केले. पण खांदेरी त्याला मिळाली नाही. ती जयसिंगाची पत्नी सकवारबाई हिने धरून ठेवली होती.

नवरा कैदेत, मुलूख गेलेला, चहूंकडे खारे पाणी, आणि तटावरून समोर दिसणारा किनारा शत्रूचा. अशा स्थितीत ती बाई लढत राहिली. बळाने किल्ला मिळेना, तेव्हा बाबूरावाने निरोप धाडला: किल्ला स्वाधीन कर, तुझ्या पतीस सोडतो. सकवारबाईने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून किल्ला दिला. बाबूरावाने जयसिंगास ठार केले आणि तिला तुरुंगात घातले.

तिने किल्ला द्यावयास नको होता, असे आमच्यातल्या एकीने तेथेच, वेताळाच्या देवळासमोर बसून म्हटले. दुसरी म्हणाली, न देती तर नवऱ्याला मारून ‘हिच्या हट्टापायी मेला’ असे लोकांनी म्हटले असते. यावर बराच वाद झाला. माझे मत असे, की दोष शब्द पाळणाऱ्याचा नव्हे, मोडणाऱ्याचा. पण वादात ते फारसे कोणी ऐकून घेतले नाही.

दुपारी अलिबागेस आलो तेव्हा पाणी ओसरले होते आणि किल्ल्याची वाट मोकळी झाली होती. कुलाबा किल्ल्याचे काम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये, अखेरच्या दिवसांत सुरू केले व संभाजी महाराजांच्या वेळी ते पुरे झाले. बाहेरचा तट नीट पाहावा. प्रचंड चिरे नुसते एकावर एक बसविलेले आहेत, सांध्यात चुना नाही. लाट आपटली की पाणी फटींतून निथळून जाते, म्हणून तट टिकला. आत गोड्या पाण्याचे तळे आणि विहीर आहे. चहूंकडे समुद्र असता हे पाणी गोड कसे, याचे आम्हां पाणीटंचाईच्या मुलखातल्या बायकांना तटाहूनही अधिक नवल. रघुजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेले सिद्धिविनायकाचे सुबक देऊळ आहे. तेथे आम्ही आरती केली.

याच किल्ल्यातून कान्होजींनी समुद्रावर सत्ता चालविली. त्यांचे दस्तक घेतल्याशिवाय जाणारे जहाज ते धरीत, म्हणून इंग्रजांनी त्यांना चाचे ठरविले. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवीत परत गेले. चाचेपणाच्या या आरोपाबद्दल मलकापूरच्या माणसाने दोन शब्द बोलावेत, कारण आमचाही थोडा अनुभव आहे. १७६१ मध्ये राघोबादादांच्या फौजेने लुटू नये म्हणून आमच्या गावाने साठ हजार रुपये मोजले. जमिनीवर घेतले की खंडणी आणि पाण्यावर घेतले की चाचेगिरी, हा न्याय मला तरी उमगलेला नाही.

बाबूरावानंतर गादी मानाजीकडे आणि मग दुसऱ्या रघुजीकडे गेली. तो १८३८ मध्ये वारला. त्याचे तान्हे मूलही पुढच्या वर्षी गेले. घरातल्या बायकांनी दत्तक घेण्याची परवानगी मागितली. कंपनी सरकारने ती नाकारली आणि १८४० मध्ये संस्थान खालसा केले. झाशीच्या दत्तकाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती याच्यानंतर तेरा-चौदा वर्षांनी घडली. कुलाब्याच्या राण्यांनी तलवार उपसली नाही, अर्ज लिहिले.

पाणी परत चढू लागले तेव्हा आम्ही ओल्या वाळूतून निघालो. गावात कान्होजींच्या समाधीला फुले वाहिली. दोन ओंजळी फुले उरली होती. ती मांडव्याच्या धक्क्यावर, लाँच सुटण्यापूर्वी, खांदेरीच्या दिशेने पाण्यात सोडली.