टाकीची कल्हई

जुन्या ट्रॅक्टरची डिझेल टाकी पोलादी पत्र्याची असते आणि ती बहुधा आतून गंजते. पत्रा खाते ते डिझेल नव्हे, पाणी. अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवा राहते. रात्री पत्रा थंड झाला की त्या हवेतली वाफ आतल्या बाजूला घामासारखी धरते आणि डिझेलपेक्षा जड असलेले ते पाणी तळाशी बसते. जालना जिल्ह्यात उन्हाळी नांगरट आणि जूनमधली पेरणी उरकली की ओल्या काळ्या रानात ट्रॅक्टर घालता येत नाही. ऐन पावसाळ्यात तो दिवसेंदिवस उभा राहतो आणि टाकीत गंज धरतो.

धातूला आतून थर देऊन वाचवण्याची विद्या मात्र ट्रॅक्टरच्या कितीतरी आधीची आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी कळकते, म्हणून आतून कथिलाची कल्हई लागे. कल्हईवाला जमिनीत खड्डा करून कोळसा पेटवी आणि भात्याने फुलवी. घासलेले भांडे तापले की त्यात नवसागराची पूड टाकी. पांढरा धूर निघे आणि धातूवरचा मळ सुटे. मग कथिलाची कांडी टेकवून, वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवले की भांडे चांदीसारखे उजळे. कथील 232 अंश सेल्सियसलाच वितळते, म्हणून हे काम उघड्यावरच्या भट्टीतही साधे. भारतात कथील फारसे सापडत नाही. ब्रिटिश काळात ते मुख्यतः मलायातून येई.

अ‍ॅल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांनी हा धंदा ओसरला. त्याच सुमारास ट्रॅक्टर आले. 1959 मध्ये फरिदाबादला आयशरने भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर काढला. 1963 मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या साथीने ट्रॅक्टर कंपनी स्थापली. 1964 मध्ये जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. संकरित बियाणे आणि यांत्रिक नांगरट हे शेतीतले दोन्ही बदल एकाच काळातले.

कल्हईतले कथील या नव्या यंत्रांतही होते. मोटारी व ट्रॅक्टरच्या टाक्यांसाठी जगभर शिसे आणि कथील यांचा मुलामा दिलेला पत्रा दीर्घकाळ वापरला गेला. तो गंजाला टिकतो आणि त्याला डाग देणे सोपे जाते. शिशाचे विषारीपण ध्यानात आल्यावर आणि प्लास्टिकच्या टाक्या आल्यावर तो मागे पडला. जस्ताचा मुलामा पाण्याच्या टाकीला चालतो, डिझेलला नाही: डिझेलमधल्या आम्लांशी जस्ताचा संयोग होऊन साबणासारखा चिकट पदार्थ बनतो आणि तो फिल्टर तुंबवतो.

आज जुन्या टाकीला आतून एपॉक्सीचा थर देतात. टाकी उतरवून डिझेल काढतात, सोड्याच्या गरम पाण्याने तेलकटपणा घालवतात. आत खडी किंवा नटबोल्ट टाकून टाकी हलवली की सुटा गंज निघतो. उरलेला फॉस्फोरिक आम्लाने काढतात. टाकी पूर्ण वाळल्यावर एपॉक्सी ओतून ती सगळ्या अंगांनी फिरवतात आणि जादा द्रव काढून टाकतात. तळाचे भोक आणि नळीची तोंडे मोकळी ठेवावी लागतात. ओलसर किंवा तेलकट पत्र्यावर दिलेला थर पापुद्रे होऊन सुटतो आणि गंजापेक्षा जास्त त्रास देतो. कल्हईतही भांडे नीट घासलेले नसेल तर कथील धरत नाही. भोक पडलेली टाकी जोडायची असेल, तर रिकाम्या टाकीला ज्योत कधीही लावू नये. आत उरलेल्या वाफेचा स्फोट होतो.

थर दिला तरी दिवसाचे काम संपल्यावर टाकी भरून ठेवणे आणि तळाचे पाणी अधूनमधून काढणे चुकत नाही. ज्या टाकीचा पत्रा चाळणीसारखा झाला, ती भंगारात जाते. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या पोलाद कारखान्यांत असे भंगार वितळवून बांधकामाच्या सळया तयार होतात.